काका, पैलवान गेला

सोमवार, सकाळ
(आंघोळ अजून व्हायची आहे.)

तीर्थस्वरूप काका,

तुम्हाला साष्टांग नमस्कार घालावा म्हणून बसलो, पण कंबरेत उसण भरली आहे. तेव्हा आठ अंगांपैकी जी काही वाकतील तेवढ्यांचा नमस्कार आज घ्या, उरलेली बरी झाली की समक्ष घालतो. (समक्ष हा शब्द मुद्दाम घातला आहे. कारण पुढे येईल.) इकडे सगळे खुशाल. अण्णांची तब्येत त्यांच्या वयाला शोभत नाही इतकी उत्तम आहे. रोज सकाळी फिरायला जातात, तिथून वाचनालयात बसतात आणि जेवायच्या वेळेला घरी येऊन त्यांच्या ओळखीतलं कोण कोण आजारी आहे ते आनंदाने सांगतात. तुमच्या सूनबाईचं डोकं अधूनमधून दुखतं, पण त्याचं कारण मी आहे असं तिचं म्हणणं असल्याने त्यावर औषध नाही. तुमचा गुडघा काय म्हणतो? काकूंचा खोकला थांबला का? आणि काकू तुमचा चष्मा अजून तुमच्याच कपाळावरून शोधून देतात की आता तुम्ही स्वावलंबी झालात? सविस्तर कळवा. नाही, कळवू नका. तेही समक्षच सांगा.

आता मन घट्ट करा, आणि उभे असाल तर बसा. पैलवान गेला. पैलवान कोण, हे तुम्हाला ठाऊक नसणार, कारण त्याला हे नाव तुम्ही गेल्यावर पडलं. पैलवान म्हणजे आमच्या बाथरूममधला गिझर, जो तुम्ही स्वतःच्या खांद्यावरून चार जिने चढवून आणलात आणि स्वतःच्या हातांनी भिंतीवर चढवलात. पोट सुटलेला, मान नसलेला, आणि बावीस वर्षं भिंतीला पाठ टेकलेली असूनही कुणाकडून चीत न झालेला. दुसरं नाव सुचलंच नाही आम्हाला.

त्या दिवसाची तुम्हाला आठवण करून द्यायची गरज नाही, पण ती उजळल्याशिवाय माझी गाडी पुढे सरकत नाही, म्हणून लिहितो. तुम्ही कारखान्यातले जोडारी, तुमच्या हाताला लोखंड ऐकतं. अण्णा बँकेत सह्या पडताळणारे, त्यांचा स्वतःच्या सहीवरही पूर्ण विश्वास नाही. तुम्ही बोल्ट आवळत होतात आणि अण्णा पाठीमागे हात बांधून उभे होते. शेवटी त्यांना राहवलं नाही आणि ते म्हणाले, दोन हिवाळे काढेल हा, फार तर. (अण्णांना कुठल्याही वस्तूचं कौतुक करायचं असलं की ते तिच्या मरणापासून सुरुवात करतात, हे तुम्हाला त्यांचा भाऊ म्हणून कळायला हवं होतं. पण भावांना हेच कळत नाही.) तुम्ही वळूनही न बघता म्हणालात, "दादा, हा तुझ्यापेक्षा जास्त टिकेल." झालं. शब्दाने शब्द वाढला. माझं मरण तू टाकीवर मोजणार का, इथपासून लहानपणच्या एका भोवऱ्यापर्यंत सगळं निघालं. मग तुम्ही शेवटचा बोल्ट आवळलात, पाना पिशवीत टाकलात आणि जे बोललात ते आमच्या घरात काळ्या दगडावरची रेघ होऊन बसलं. हा ज्या दिवशी बंद पडेल त्या दिवशी मी येईन, खांद्यावर घालून घेऊन जाईन, नवा बसवून देईन. तोवर या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकणार नाही. अण्णा म्हणाले, "ठीक." एवढंच. तुमच्या सूनबाईला तेव्हा या घरात येऊन तीन-चारच वर्षं झाली होती. ती आतून चहाचे कप घेऊन आली तेव्हा प्यायला माणसंच उरली नव्हती.

काका, माणसं रागाच्या भरात बोलतात आणि आठवडाभराने काहीतरी निमित्त काढून येतात. तुम्ही दोघं त्या जातीचे नाही. तुम्ही माझ्या मुलीच्या लग्नात हॉलवर आलात, पाठवणीला घरी आला नाहीत. मी आजारी होतो तेव्हा दवाखान्यात माझ्या उशाशी बसलात आणि घरी सोडल्यावर गेटापासून परत फिरलात. आई गेली त्या दिवशी तुम्ही आमच्याच जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून होतात आणि अण्णा वरच्या. मधे तीन मजले, आणि पाणी घेऊन वर-खाली करणारा मी. दोघंही मला एकच विचारत होतात, तो काही खाऊन आलाय का. तेव्हा मला रडू आलं ते आईसाठी किती आणि तुम्हा दोघांसाठी किती, हे मला अजून वेगळं करता आलेलं नाही. आणि या सगळ्या काळात वर बाथरूममध्ये पैलवान आपला निवांत पाणी तापवत होता. तुमच्या हातचं काम इतकं पक्कं निघालं, काका, की त्यानेच तुम्हाला घराबाहेर ठेवलं.

त्या पैलवानाची थोरवी मी काय वर्णावी. शेजारच्या घरी या काळात तीन गिझर आले आणि गेले. समोरच्या बाईंचा तर पाहुण्यांसारखा आला, दोन महिने राहिला आणि भांडून गेला. आमचा हलला नाही. त्याचा लाल दिवा केव्हाच विझला, पण दिव्याची गरज कुणाला होती? बटण दाबलं की आधी तो घसा खाकरायचा, मग बराच वेळ गुरगुरायचा, आणि पाणी तापलं की आतून कुणीतरी चमचा वाजवावा तसा बारीक आवाज करून गप्प व्हायचा. त्याच्या आवाजावर आमचं घर चालायचं. खाकरला की दूध वर ठेवायचं, गुरगुरला की अण्णांचे कपडे काढायचे, चमचा वाजला की अण्णा आत. एकदा अख्ख्या इमारतीतली वीज रात्रभर वेड्यासारखी कमी-जास्त होत होती, लोकांचे पंखे जळाले, एकाचा फ्रिज गेला, आणि सकाळी पैलवान नेहमीसारखा खाकरला. मी तर खरंच हात जोडले. मी पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढतो, गावभरच्या जमिनीखालच्या पाइपांच्या रेघा माझ्या हातच्या आहेत, पण असलं काही मी कागदावर कधी पाहिलं नव्हतं. (घरातला पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे हे मला मागच्या आठवड्यापर्यंत ठाऊक नव्हतं, ही गोष्ट वेगळी. तिच्याकडे येतोच आहे.)

अण्णांचा आणि त्याचा रोजचा एक संवाद असायचा. आंघोळीला जाताना ते त्याच्या पोटावर थाप मारायचे आणि म्हणायचे, "बघू, आधी तू जातोस का मी." मला वाटायचं, म्हातारपणचा विनोद आहे. तुमच्या सूनबाईला तो विनोद वाटत नव्हता. पण ती या बाबतीत मला काही बोलली नाही, आणि मी काही विचारलं नाही. अशाच रीतीने आमचा संसार सुखाचा झाला आहे.

गिझर बदलावा का, हा प्रश्न घरात दर हिवाळ्यात निघायचा. मी चौकशी करून ठेवली होती. जाणकार म्हणतात की दहा वर्षं झाली की बदलावा, पाणी तांबूस यायला लागलं की बदलावा, आवाज वाढला की बदलावा, आणि टाकीच गळायला लागली तर विचार करत बसू नये. आमच्याकडे यातलं पहिलं केव्हाच उलटून गेलं होतं, दुसरं अधूनमधून व्हायचं, आणि तिसऱ्यावर तर घर चालायचं. अण्णांचा नियम मात्र एकच होता. पाणी गरम येतं तोवर तो जिवंत. जिवंताला काढायचं नाही. असं ते इतक्या ताठ मानेने सांगायचे की मला वाटायचं यांचा जीव त्याच्यावर जडलाय. आमच्या नळवाल्याचा नियम याहून सोपा होता. तो दर वेळी वर बघायचा, जीभ टाळूला लावून चक् करायचा आणि म्हणायचा, दोन महिने. म्हणून त्याचं नावच आम्ही दोन महिने ठेवलं आहे. दोन महिने, दोन महिने म्हणता म्हणता त्याचे केस पिकले, त्याचा एक गुडघा बदलून झाला, पैलवान मात्र तुमच्याच बोल्टांवर.

मागच्या आठवड्यात मात्र माझ्या डोक्यात किडा वळवळला. कुणीतरी सांगितलं की टाकीत तळाशी क्षार साचतात आणि ते काढले तर म्हातारा गिझरही तरुणासारखा चालतो. म्हटलं, इतकी वर्षं त्याने आमची सेवा केली, आपण एकदा त्याची करू. आधी मी त्याचं व्यवस्थित मापात चित्र काढलं, वरून, समोरून आणि बाजूने. (चित्र फार सुंदर आलं आहे. आलात की दाखवतो.) मग वीज बंद केली, स्टुलावर चढलो आणि चित्रात ज्याला मी बाण काढून ‘क’ म्हटलं होतं ते खालचं बूच फिरवलं. टाकी भरलेली असते आणि पाणी नळातून मागून येतच राहतं, ही गोष्ट चित्रात नव्हती. पुढचं काय सांगू? बूच माझ्या हातात, पाणी माझ्या बाहीत, आणि मी अंगठा त्या भोकात खुपसून आयुष्यात पहिल्यांदा बायकोला तिच्या पाळण्यातल्या नावाने हाक मारतोय. ती आली, एक क्षण उभी राहून मला पाहिलं (हा क्षण तिने थोडा लांबवला असा माझा आरोप आहे) आणि स्वयंपाकघरातल्या ओट्याखाली हात घालून मुख्य कॉक बंद केला. मी अंगठा काढला तेव्हा टाकीतून पांढऱ्या कपच्या पडायला लागल्या, खडूसारख्या, थरावर थर, बादलीभर. बावीस वर्षं या शहराच्या जमिनीखालून आलेलं पाणी आपली हाडं आमच्या घरात ठेवून गेलं होतं. मी उकिडवा बसून तो ढीग पाहत राहिलो आणि उठताना उसण भरली.

तेव्हा एक गोष्ट घडली जी मला त्या वेळी समजली नाही. गडबड ऐकून अण्णा दारात आले होते. त्यांनी ती बादली पाहिली आणि त्यांच्या चेहऱ्यावर एकदम उजेड आला. "गेला का?" त्यांनी विचारलं. म्हटलं, नाही अण्णा, काळजी करू नका, साफ केला. बूच बसवलं, वीज लावली, पैलवान खाकरला, आणि अगदी तरुणासारखा, अर्ध्या वेळात तापला. अण्णांचा चेहरा पडला. मला वाटलं, काळजीने.

मात्र माझ्या सेवेनंतर ‘क’पाशी थेंब यायला लागला. थेंबाखाली बादली लावली. पण बादलीत जेवढं पडत होतं त्याहून जास्त भिंतीतून खाली जात होतं, आणि आपलं पाणी कुठे मुरतंय हे परवा सकाळी खालच्या मजल्यावरचे डॉक्टर डोक्यावर टॉवेल घेऊन आले तेव्हा कळलं. डॉक्टर दातांचे आहेत. माणूस सज्जन, भांडला नाही, बघतो म्हणाला. खिशातून त्यांनी तो काडीवरचा छोटा आरसा काढला (तो ते घरीही जवळ बाळगतात!) आणि स्टुलावर चढून पैलवानाच्या खालून आत बघितलं. मग एका टोकदार हत्याराने टकटक केली. सवयीने विचारलंही, इथे दुखतं का? आम्ही सगळे श्वास रोखून उभे. डॉक्टरांनी आरसा पुसला आणि म्हणाले की मूळ पोखरलंय, वरून कितीही भरलं तरी उपयोग नाही, काढावा लागेल. इतक्या अधिकाराने आमच्या गिझरबद्दल आजवर कुणी बोललं नव्हतं. मी भारावून त्यांना चहा विचारला.

दोन महिनेला बोलावलं. तो आला, वर बघितलं, चक् केलं, आणि सवयीप्रमाणे तोंड उघडणार तोच डॉक्टरांनी त्याला आधीचा इतिहास विचारला. म्हणजे, याच्या पोटातलं यापूर्वी काही बदललंय का? दोन महिने भाबडेपणाने म्हणाला, सगळंच की. कॉइल तीनदा जळली, तीनदा बदलली. थर्मोस्टॅट एकदा. आतली कांडी दोनदा. तुमची सूनबाई अण्णांच्या मागे उभी राहून डोळ्यांनी त्याला गप्प करत होती, पण ज्या माणसाने जन्मभर वर बघितलं त्याला समोरचे डोळे कसे दिसणार? बाईंनीच बोलावलं प्रत्येक वेळी, तो पुढे म्हणाला, म्हातारे फिरायला गेले की लगेच, आणि जेवायच्या आत झालं पाहिजे अशी अट असायची.

अण्णा हळूच पालथ्या बादलीवर बसले.

"म्हणजे तो गेला होता?" त्यांनी विचारलं.

"तीनदा," दोन महिने म्हणाला.

तुमची सूनबाई पुढे आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "अण्णा, तुम्ही रोज म्हणायचात, आधी तू का मी," ती म्हणाली. "मला वाटलं, तो गेला की तुम्ही जीव सोडाल. म्हणून मी त्याला जाऊच दिलं नाही."

त्यावर अण्णांनी जे सांगितलं ते ऐका. या सद्गृहस्थाने बावीस वर्षं पैलवानाला मारायचे प्रयत्न केले होते. फिरायला जाताना बटण लावून, खटका शेवटच्या अंकावर नेऊन जायचे. वीज कमी-जास्त होत असली की मुद्दाम लावायचे. तीन वेळा तर पाण्याचा कॉक बंद करून, टाकी रिकामी करून ती तशीच तापत ठेवली. (कॉक कुठे आहे हे घरात मी सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.) आणि मग वाचनालयात बसून, वर्तमानपत्र उलटं धरून, वाट बघायची. जेवायच्या वेळेला घरी यायचे, आशेने नळ सोडायचे, आणि हातावर चटका! "मला वाटायचं, मरणार कसा," अण्णा म्हणाले, "हात कुणाचा लागलाय त्याला." मग खाली बघत म्हणाले, "अगं, हा गेला असता तर माझा धाकटा घरी आला असता."

तुमच्या सूनबाईला हसू आणि रडू एकदमच फुटलं. डॉक्टर खिडकीबाहेर बघायला लागले. त्या खिडकीला दुधी काच आहे. आणि मी? मी इतकी वर्षं एका लोखंडी टाकीपुढे हात जोडत होतो, आणि इकडे माझ्याच घरात एक माणूस रोज तिचा जीव घेत होता आणि दुसरं माणूस रोज तिला जिवंत करत होतं, दोघंही एकमेकांपासून चोरून, दोघंही प्रेमापोटी, आणि दोघांच्या मधे मी दाढी करत होतो. मग तुमच्या सूनबाईने हत्यारांच्या खणातून एक वस्तू आणून दाखवली, आतली जुनी कांडी. तुम्हाला ठाऊक असेल, मला नव्हतं. ही कांडी टाकीत टांगलेली असते आणि तिचं काम एकच, पाण्याचा सगळा गंज स्वतःवर ओढून घ्यायचा, म्हणजे टाकी गंजत नाही. बोटाएवढ्या जाड कांडीची एक वाकडी तार आणि तिला चिकटलेला भुगा उरला होता. मी त्या तारेकडे बघितलं, मग तुमच्या सूनबाईकडे. ती म्हणाली, माझ्याकडे काय बघताय, पाणी पुसा.

म्हटलं, अण्णा, आता मी काकांना फोन करतो. तर नाही म्हणाले. त्याने शब्द दिलाय, तो मोडून आला तर त्याची मान खाली जाईल, आणि माझ्या दारात त्याची मान खाली गेलेली मला चालणार नाही. मग सह्या पडताळताना घालायचे तो चष्मा लावून त्यांनी पैलवानाकडे बघितलं आणि निकाल दिला. तीनदा गेला म्हणजे गेला. आता जो लटकतोय तो दुसराच कुणीतरी आहे. शब्द धाकट्याने पहिल्याबद्दल दिला होता. पहिला बंद पडला. त्याला तसं कळव. दोन महिने साक्षीदार, डॉक्टरांचा अभिप्राय आधीच झालेला. असा निकाल मी उभ्या जन्मात ऐकला नव्हता.

तेव्हा काका, तुमची अट पुरी झाली आहे. तुमचा शब्द तुम्ही पाळलात, आता उरलेला अर्धाही पाळा. आणि हे काम दुसऱ्या कुणाचं नाही. दोन महिनेने काल तुमच्या बोल्टांना पाना लावला. पाना वाकला. दोन बोल्ट पुरले असते तिथे तुम्ही चार मारलेत, आणि चारही असे बसलेत की तो म्हणतो, भिंत निघेल पण हे निघणार नाहीत. तुमच्या हाताने आवळलेलं तुमच्याच हाताला सुटेल. अण्णांनी काल कपाटातून पाहुण्यांची उशी काढून उन्हात टाकली आहे. कुणासाठी, विचारलं तर म्हणाले, कापसाला ऊन लागलेलं बरं असतं.

काकूंना नमस्कार. त्यांनाही घेऊन या. चहाचे कप या वेळी वाया जाणार नाहीत असं तुमच्या सूनबाईने सांगितलं आहे.

लहानपणी तुमच्या खांद्यावर बसलेला, सध्या स्वतः वाकलेला,
तुमचा पुतण्या

ता. क. : वर मी पैलवान गेला असं लिहिलं आहे. ते अण्णांच्या निकालाप्रमाणे अगदी खरं आहे. पण तुमच्यापासून काय लपवायचं, आज सकाळी तो खाकरला, गुरगुरला, आणि चमचाही वाजला. खाली बादली, वर वाफ. पाणी असं कडक आहे की काय सांगू. अण्णा मात्र निकालापासून गॅसवर तापवलेल्या पाण्याने आंघोळ करतात, कारण गेलेल्याकडून गरम पाणी घेणं त्यांना पटत नाही. आम्हा सगळ्यांनाही त्यांनी तीच शिस्त लावली आहे. म्हणून विनंती, आल्यावर हात धुवा, चहा घ्या, थेट पाना काढा, पण बटण लावून बघू नका. सवयीने तुमचा हात तिकडे जाईल, तेवढा आवरा.

ता. क. दुसरा : खांद्यावर घालून नेण्याचं तुम्ही त्या वेळी बोललात, पण तेव्हा तुमचा गुडघा तुमचा होता. अण्णांना भीत भीत विचारलं. ते म्हणाले, खांदा म्हणाला होता, कुणाचा ते म्हणाला नव्हता. खालचे डॉक्टर एक बाजू धरायला तयार आहेत. दुसरी बाजू स्वतः अण्णा धरणार म्हणतात. तुम्ही फक्त हात लावा आणि मागून शिव्या द्या.

ता. क. शेवटचा : अण्णा मघापासून माझ्या पाठीमागे हात बांधून उभे आहेत आणि आपण काही वाचत नाही असं दाखवत आहेत. पाकीट चिकटवणार इतक्यात त्यांनी मला थांबवलं.

"त्याला एवढंच लिही," म्हणाले, "नवा बसवशील तो जरा कच्चा बसव म्हणावं. वर्षभरात गळायला लागेल असा."